पोटुशी बाईला कुणी चालू देईल का?

गोड बातमी सांगितली की पहिलं वाक्य अभिनंदनाचं असतं आणि दुसरं ‘आता फार हालचाल करू नकोस’. माझ्या एका मैत्रिणीला सातवा लागलाय. ती रोज अर्धा तास चालते, तर येणारा-जाणारा ‘अगं, बस जरा’ म्हणतो. हीच माणसं ती तासभर ओट्यापाशी उभी असते तेव्हा मात्र गप्प. म्हणजे फिरायला गेली तर बाळाला धोका आणि वाकून फरशी पुसली तर ‘बाळंतपण सोपं जातं’! एवढीच काळजी असेल तर संध्याकाळची भांडी तुम्ही घासा की, ती तेवढ्यात फिरून येईल.

‘आराम कर’ हा सल्ला निरुपद्रवी आहे असं आपण धरून चालतो. माझा राग त्यावरच आहे. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात दिवसचे दिवस पडून राहिलं की पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायूंची ताकद जाते, आणि नेमकी ती बाळंतपणात आणि नंतर हवी असते. नुसतं अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, असंही अभ्यासांतून दिसलेलं नाही.

मोठ्या माणसांना तरी किती दोष देणार? कधीकाळी डॉक्टरही बिचकतच होते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये सांगितलं होतं की गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ देऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम 15 मिनिटांच्या पुढे नको. 1994 मध्ये त्यांनीच ही मर्यादा काढून टाकली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की वैद्यकीय अडचण नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आधी कधीच केला नसेल तर थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावा. याने गरोदरपणातला मधुमेह आणि वाढणारा रक्तदाब यांचा धोका कमी होतो, वजन आटोक्यात राहतं, मनही थाऱ्यावर राहतं.

मध्यम म्हणजे किती, तर चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हातातल्या घड्याळावर ठोके मोजण्यापेक्षा हे माप बरं. कारण या दिवसांत शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि हृदय बसल्याजागीसुद्धा एरवीपेक्षा जोरात पळत असतं.

शरीर बदलतं हे मात्र खरं. सांधे सैलावतात, पोटाचा भार पुढे येतो, तोल पटकन जातो. माझ्या मैत्रिणीला आता बुटाची नाडी बांधायची तर पाय स्टुलावर तिरका ठेवावा लागतो, आणि वळताना ती आधी थांबते, मग वळते. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपून व्यायाम टाळलेला बरा. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन गरगरतं. पडण्याची किंवा पोटाला मार बसण्याची भीती असलेले खेळ नकोत, आणि पाठीवर टाक्या बांधून पाण्याखाली जाणं तर नाहीच.

एका व्यायामाबद्दल कुणी बोलत नाही, कारण लाज वाटते. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो, ते एरवी (लघवी करताना नव्हे) आवळायचे, थोडं धरायचं, सोडायचं. खोकल्यासरशी कपडे ओले होणं यानेच टळू शकतं. इकडे बाळाच्या कपड्यांच्या रंगावर तासन्‌तास चर्चा होते!

दुसऱ्या टोकाचाही मला तितकाच कंटाळा आहे. सेरेना विल्यम्स 2017 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा गरोदर होती, हे सांगून बायकांना ‘मग तुला काय झालं?’ विचारणारे महाभाग असतात. अहो, तिचं आयुष्य त्यात गेलंय. मला त्यापेक्षा अमेरिकी धावपटू अलिसिया मोंटानो आवडते. 2014 मध्ये 34 आठवड्यांचं पोट घेऊन ती 800 मीटर धावली आणि आपल्या शर्यतीत शेवटची आली. ज्या दिवशी मळमळ उठू देत नाही, त्या दिवशी पडून राहावं. कुणाला जाब द्यायचा नाही.

आणि काहींना व्यायाम खरोखरच वर्ज्य असतो: वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब फार चढला असेल किंवा रक्त खूपच कमी असेल तर. व्यायाम करताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली, पोटरी सुजून दुखू लागली, नियमित कळा येऊ लागल्या, तर तिथल्या तिथे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

म्हणून तपासणीला जाल तेव्हा व्यायामाचं स्वतःहून विचारा. ‘आराम करा’ असं उत्तर आलं तर कशासाठी, किती दिवस आणि नेमकं काय काय बंद, हेही विचारून घ्या. नीट कारण असेल तर डॉक्टर दोन मिनिटांत सांगतील. नुसतं ‘कशाला उगाच’ असं म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला काहीच हरकत नाही.