शाळेत रग्बी आणणाऱ्यांनो, बॅनर जरा बाजूला ठेवा

आपल्याकडे शाळेत नवीन खेळ येतो तो आधी बॅनरवर येतो. नारळ फुटतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मुलांना एकाच मापाचे ढगळ टी-शर्ट, तासभराचं प्रात्यक्षिक आणि मग संस्थाचालकांना मध्ये घेऊन फोटो. चार दिवसांनी चेंडू मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली क्लार्ककडे. क्लार्क रजेवर.

रग्बीचंही हेच होताना बघतेय, म्हणून लिहितेय. मी पिंपरी-चिंचवडकडच्या एका मराठी शाळेत पी.टी. घेते आणि शनिवार-रविवार एका छोट्या क्लबच्या मुलींच्या सरावाला उभी असते. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा दोन्हीकडच्यांना थोडं झोंबेल. चालवून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे: एका क्लबने एकच शाळा धरावी. निदान तीन वर्षं धरावी. आणि दहावीनंतर त्या मुलांना आपल्यात सामावून घेण्याची जबाबदारी पहिल्याच दिवशी मान्य करावी. हे जमणार नसेल तर पंचवीस शाळांत डेमो केल्याचा अहवाल छान होतो, खेळाडू होत नाहीत.

क्लब मुलांकडे बघत नाही तेव्हा काय होतं, याचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १८७० च्या दशकात कलकत्ता फुटबॉल क्लब रग्बी खेळायचा. खेळणारे गोरे साहेब आणि लष्करातले लोक. सांगतात की बारमधली फुकटची दारू बंद झाली आणि सभासद गळायला लागले; काही पोलोकडे गेले, काही टेनिसकडे. मागून येणारी पोरं नव्हतीच. शेवटी क्लब गुंडाळला, बँकेतले उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक करून १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. तोच कलकत्ता कप. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी एकमेकांना लोळवतात. लोकांना या गोष्टीचा अभिमान वाटतो. मला त्यात दिसतो तो मैदानाबाहेरच्या मुलांना कधीच आत न घेतल्यामुळे बंद पडलेला क्लब.

मुंबईत जवळजवळ सव्वाशे वर्षांनी उलटं घडलं. बॉम्बे जिमखान्यावर मॅथ्यू स्पेसी नावाचा इंग्रज रग्बी खेळायचा. पुढे भारताकडूनही खेळला. फॅशन स्ट्रीटला खरेदी केलेल्या प्रत्येकाने जिमखान्याची ती बाजू पाहिलेली आहे. तिथल्या फुटपाथवर राहणारी मुलं सराव बघत उभी राहायची. त्याने त्यांना आत खेळायला घेतलं. त्यातून १९९९ मध्ये मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. ती पुढे रग्बीच्या फार पलीकडे गेली हा भाग वेगळा, पण सुरुवात कुंपणाच्या आत-बाहेरच्या प्रश्नातून झाली होती.

पण शाळा आणि क्लब एकत्र आले की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण ओडिशातलं आहे. कोलकात्यात पॉल वॉल्श यांनी जंगल क्रोज क्लब काढला, तोही तिथल्या साध्या घरांतल्या पोरांना घेऊन. त्यांनी भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत रग्बी नेलं. २००७ मध्ये त्या शाळेची मुलं लंडनला जाऊन १४ वर्षांखालची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आली. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. शाळेने खेळ सोडला नाही, मुलींनाही मैदानावर उतरवलं. २०१९ मध्ये मनिलाला भारतीय मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधराच्या (संघात पंधरा खेळाडू असलेल्या) रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. अगदी शेवटी पेनल्टी मारून सामना काढणारी सुमित्रा नायक याच शाळेची. कर्णधार होती आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा. म्हणजे लंडनच्या कपानंतर बारा वर्षांनी ते झाड असं फळाला आलं. बारा वर्षं, प्रायोजकांनो.

आता जरा अवघड विषय. महाराष्ट्रात शाळांना रग्बी का हवंय?

खरं उत्तर सगळ्या क्रीडाशिक्षकांना माहीत आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कबड्डीत जिल्ह्यातून वर जायचं तर घाम निघतो, क्रिकेटचं तर विचारूच नका. रग्बीत संघ कमी, म्हणून वाट मोकळी. मग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कुणाचा तरी फोन येतो, "मॅडम, तुमच्या पोरी जरा आमच्याकडच्यांना नियम सांगतील का? आमची एन्ट्री गेलीय." एन्ट्री गेलीय आणि चेंडू अजून हातात घेतलेला नाही! असे संघ मैदानावर येतात, रग्बीत पास मागेच द्यायचा असतो तो पुढे टाकतात, शिट्टी वाजली की एकमेकांकडे बघतात, हरतात आणि तरी कधीकधी तिसऱ्या नंबरचं प्रमाणपत्र घेऊन जातात. कारण संघच तीन आलेले असतात.

यावर नाक मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातली नाही. कारखान्यात बारा तास उभा राहणारा बाप मुलीला मैदानावर पाठवतो तो गुण मिळतील म्हणूनच पाठवतो, आणि त्यात चूक काय? गुणांसाठी आलेली मुलगी खेळासाठी थांबते की नाही, तो प्रश्न आपला. ती प्रमाणपत्र घेऊन निघून जाते, कारण थांबायला जागाच नसते. शाळेचा संघ स्पर्धेपुरता असतो. तालुका, जिल्हा, विभाग, जिथे हरलात तिथे वर्ष संपलं. ऑगस्टमध्ये सुरू, दिवाळीच्या आत बंद. उरलेले महिने कुणाचे? इथे क्लब हवा.

आणि क्लबला शाळा का हवी, तर मैदानासाठी, असं क्लबवाले पटकन सांगतात. मैदान हवंच. पण शाळेकडे त्याहून मोलाची गोष्ट आहे ती म्हणजे आईवडिलांचा विश्वास. आमच्या भागात "क्लब" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच काहीतरी येतं. "शाळेचा सराव आहे" म्हटलं की मुलगी सहा वाजता घराबाहेर पडू शकते. म्हणून क्लबच्या कोचला हात जोडून विनंती, शाळेतल्या पी.टी.च्या शिक्षकाला बाजूला सारू नका. त्याच्याकडे गणिताचे ऑफ तास, पोषण आहाराचं रजिस्टर, निवडणुकीची ड्युटी हे सगळं असतं. त्याला तुमच्या कोचिंगच्या लेव्हल ऐकवू नका. कोणत्या मुलीचे वडील चिडखोर आहेत, कोण उपाशी येते, कोणाचा दम्याचा पंप दप्तरात असतो, हे त्याला माहीत असतं. तुम्हाला ते कळायला वर्ष लागेल, आणि तोवर तुमचा कोच नोकरी बदलून बंगळूरला गेलेला असेल.

प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल थोडं सांगते, कारण पालकांची भीती तिथेच असते. सहावी-सातवीच्या मुलींना आम्ही टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडणं, शिकवतच नाही. टॅग रग्बी. कमरेला दोन्ही बाजूंना पट्ट्या, पट्टी ओढली की पास द्यायचा. बाजारातले पट्टे महाग पडतात, म्हणून जुन्या ओढण्या फाडून पट्ट्या केल्यात आणि त्या ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकमध्ये खोचतो. इंग्लंडमध्येही सात-आठ वर्षांखालची मुलं टॅगच खेळतात, नऊपासून हळूहळू टॅकल येतो. आमच्या मुली उशिरा सुरू करतात, तेव्हा आम्हीही घाई करत नाही.

पहिला टॅकल लांब उडीच्या खड्ड्यात. वाळू ओली करून घ्यायची, दोघी गुडघ्यावर. डोकं कधीही समोरच्या मुलीच्या पुढे जाता कामा नये; ते तिच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या बुडाला टेकलेला. हे सांगितलं की सगळ्या फिदीफिदी हसतात. हसू दे. हसलेली गोष्ट लक्षात राहते, आणि या एका गोष्टीवर मान वाचते. मग दोन्ही हात मांड्यांभोवती आवळायचे आणि खांद्याने रेटायचं. ज्यांच्या घरात कुस्ती आहे त्यांना पट काढणं माहीत असतं, त्या लगेच शिकतात. कबड्डीवाल्या मुलींची मजा वेगळीच. पकड त्यांची लोखंडी, पण सोडायचं नाही हे हाडात भिनलेलं. रग्बीत पाडलं की लगेच सोडावं लागतं, नाहीतर पेनल्टी. आमच्या एका कोपरारक्षक पोरीने सुरुवातीच्या सामन्यांत इतक्या पेनल्ट्या दिल्या की रेफरी तिला नावाने ओळखायला लागले. आता ती सगळ्यात आधी उठून चेंडूवर असते.

पालक सभेत एका आईने विचारलं होतं, "बाई, दात पडला तर पुढे लग्नाचं काय?" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही, प्रश्न तिच्या जागी बरोबर होता. माउथगार्ड दाखवलं, गरम पाण्यात मऊ करून दातांवर कसं बसवतात ते सांगितलं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलगी बाहेर, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत आत नाही, हेही सांगितलं. बाहेरच्या देशांतही हौशी खेळात टॅकलची उंची खाली आणताहेत. फ्रान्सने कमरेपर्यंत आणली, इंग्लंडने २०२३ पासून छातीच्या मधल्या हाडाच्या खाली. "धोका नाही" असं मी कुणालाच सांगत नाही. जो कोच असं सांगतो त्याच्याकडे मुलगी पाठवू नका. ती आई पुढच्या रविवारी मैदानावर आली, बॅगांजवळ बसली, आणि मध्येच उठून ओरडली, "अगं मागे दे, मागे!" पास मागे द्यायचा असतो हे तिला तिथेच बसून समजलं होतं. आमच्या काही राखीव खेळाडूंना अजून समजायचंय.

मैदानाबद्दल फार बोलत नाही, बोलले तर थांबणार नाही. सेव्हन्स म्हणजे रग्बीचा छोटा प्रकार, संघात सात जणी, सरावाला अर्धं फुटबॉल मैदान पुरतं. पण तेही लग्नाच्या मांडवाला गेलेलं असतं आणि परत मिळतं तेव्हा त्यात खिळे असतात. आधी सगळ्या रांगेत उभ्या राहून खिळे आणि खडी वेचतात, मग वॉर्मअप. संस्थाचालकांनी मांडवाचं भाडं जरूर घ्यावं, नंतर मैदान झाडून द्यावं, इतकीच अपेक्षा आहे.

इंग्लंडच्या रग्बी युनियनने २०१२ मध्ये ज्या सरकारी शाळांत रग्बी नव्हतं अशा ७५० शाळांत ते न्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे पैसा आहे, पाऊस पडूनही हिरवी राहणारी मैदानं आहेत, आपण तुलना करू नये. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शाळेत खेळ सुरू करतानाच त्यांनी तिला जवळच्या क्लबशी जोडायचा विचार केला. म्हणजे शाळा सुटल्यावर मुलाने जायचं कुठे, हे आधी ठरलं. आपल्याकडे ते कधीच ठरत नाही, आणि म्हणून आपली मुलगी नववीच्या मार्चमध्ये हरवते. दहावीचा क्लास लागतो, क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच. नंतर कॉलेज दुसरीकडे, तिथे रग्बी नाही, शाळेचं गेट तिला आता बंद. दोन वर्षं मेहनत घेतलेली, उत्तम पळणारी, न घाबरणारी मुलगी, आणि तिचा नंबर कुणाकडेच नाही.

आम्ही क्लबमध्ये आता दहावीच्या मुलींसाठी फक्त रविवारी सकाळचा तास ठेवलाय. सामने नाहीत, निवड नाही, पळायचं, पास द्यायचे आणि अभ्यासाला घरी जायचं. एवढ्याने बऱ्याच टिकल्या. परीक्षेनंतर त्याच मुली धाकट्यांना टॅग शिकवतात, त्याबद्दल क्लब त्यांना प्रवासखर्च देतो. रक्कम लहान आहे, पण "मी कोच आहे" असं घरी सांगता येतं, आणि घरातलं वजन वाढतं.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. टीव्हीवर रग्बी दिसलं, परदेशी खेळाडूंबरोबर आपले खेळाडू पळाले, मुलींनी मोबाइलवर बघितलं आणि सोमवारी मला हातवारे करून दाखवलं. मला आनंदच झाला. लीग हवीच. फक्त लीगमुळे जो उत्साह येतो तो धरायला खाली कुणीतरी उभं पाहिजे, आणि तो माणूस बहुतेक वेळा एखाद्या शाळेचा पी.टी. शिक्षक आणि एखाद्या क्लबचा बिनपगारी कोच असतो. दोघांनी एकमेकांचा फोन उचलला तरी निम्मं काम होतं.

तर क्लबवाल्यांनो, यंदा एक शाळा निवडा. कागदावर लिहून घ्या: कोणते वार, मैदान कोणाचं, अँब्युलन्सचा खर्च कोणाचा, कोच गैरहजर असेल तर कोण, दहावीनंतर मुलं कुठे. एक पान पुरेल, मुख्याध्यापक आणि तुमचा सेक्रेटरी दोघांच्या सह्या घ्या. शाळांनो, चेंडूचं कपाट पी.टी.च्या शिक्षकाकडे द्या. किल्लीसकट.

आणि ज्यांच्या घरी साइझ ४ चे जुने रग्बी बॉल माळ्यावर पडून असतील त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. पकड गुळगुळीत झालेली असली तरी चालतील. साइझ ५ नकोत, सहावीच्या हातात बसत नाहीत.