घोटाळ्यावर नाटक काढताय? आधी खातेदाराला आवरा!

गेल्या रविवारी मावशीला घेऊन दुपारच्या प्रयोगाला गेले होते. पाचशेची दोन तिकिटं, मध्यंतरातला बटाटेवडा वेगळा. बँक बुडवणाऱ्या एका इसमावरचं दोन अंकी नाटक. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? पडदा पडल्यावर मागच्या रांगेतले काका बायकोला म्हणाले, "काय डोकं होतं पण त्या माणसाचं!" बायकोनंही मान डोलावली. असं यश कसं मिळवतात यावर मी आठवडाभर विचार केला. हाती लागलं ते होतकरू नाटककारांसाठी देतेय. मानधन नको.

ठग देखणा हवा. चाळीत जन्म, आईचं मंगळसूत्र गहाण आणि डोळ्यांत "मला मोठं व्हायचंय". त्याच्या एंट्रीला जे संगीत वाजेल ते पोलिसांच्या एंट्रीला चुकूनही वाजू देऊ नका. स्वगताची काळजी नको, ते आयतं मिळतं. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात लिहूनच ठेवलंय, की हे म्हणजे वाघावर बसल्यासारखं होतं, त्यानं खाऊ नये असं उतरायचं कसं ते कळेना. हजारो कोटींच्या खोट्या हिशेबांची कबुली, आणि वर वाघ! या वाक्याला टाळी घ्यायची. दरम्यान वाघानं कुणाकुणाला खाल्लं, हे विचारायला प्रेक्षकांतून कुणी उठत नाही.

ऑडिटर, संचालक मंडळ आणि मंत्री यांना विंगेतच ठेवा, दौऱ्याच्या बसमध्ये तेवढी जागा नसते.

घोटाळा नेमका काय होता, ते समजावण्याच्या फंदात पडू नका. "सिस्टीमला भोक होतं, मी फक्त बोट घातलं" एवढं बास. १९९२ च्या शेअरदलाल हर्षद मेहता प्रकरणात बँकांमधल्या सरकारी रोख्यांच्या व्यवहारात रोखे हातात न देता नुसती बँकेची पावती फिरायची, काही पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते आणि त्यावर उचललेला पैसा शेअरबाजारात जात होता. हे सांगायला तीन मिनिटं लागतात. तीन मिनिटांत एक नाच बसतो.

लंडनच्या नाटककार ल्यूसी प्रेबलला हे कुणी सांगितलं नसावं. तिनं २००९ मध्ये एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकन ऊर्जा कंपनीवर नाटक आणलं. कर्ज लपवायला एन्रॉननं ज्या पोटकंपन्या काढल्या, त्यांतल्या काहींचं नावच 'रॅप्टर' होतं. तर या बाईनं तळघरात खरेच डायनासोर आणून सोडले आणि अर्थखातं सांभाळणारा अँड्र्यू फास्टाव त्यांना कंपनीची कर्जं खाऊ घालतो, असं दाखवलं. ताळेबंद कधी उघडला नसेल त्यालाही कळावं, की पैसा गेला कुठे. फळ काय मिळालं? लंडनमध्ये गाजलं, पण २०१० मध्ये न्यूयॉर्कला दोन आठवड्यांच्या आत गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा सावध राहा. (त्याच एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आपल्या गुहागर तालुक्यात. १९९५ मध्ये करार रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू, २००१ मध्ये ती परवडेना म्हणून राज्य वीज मंडळानं घेणंच थांबवलं. एवढी संहिता दारात येऊन पडली होती. पण आपल्याला हिरो लागतो ना!)

आता सगळ्यात महत्त्वाचं. खातेदार विनोदी ठेवा.

आमच्या नाटकात एक गोगटेकाका होते. माकडटोपी, कापडी पिशवी, छातीशी धरलेलं पासबुक, आणि बोलताना अडखळणं. काउंटरवर येऊन "म-म-माझे पैसे" म्हटलं की हशा. तीनदा आले, तीनदा हशा. तिसऱ्या खेपेला पिशवी फाटते आणि ठेवीच्या पावत्या रंगमंचभर उडतात. काका रांगत रांगत त्या गोळा करतात. टाळ्या! मध्यंतरानंतर काका नाहीतच. दुसऱ्या अंकात ठगाची प्रेमकहाणी होती, तिच्यात त्यांचं काय काम?

माझी मावशी पोळीभाजीचे डबे द्यायची, बावीस वर्षं. पाव टक्का जास्त व्याज म्हणून तिनं एका सहकारी बँकेत ठेव ठेवली, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. एके सकाळी शटर अर्धं खाली आणि दारावर चिकटवलेला कागद. ती त्याच गुडघ्यांवर रांगेत उभी राहिली. टोकन, केवायसी, "उद्या या", "साहेब मीटिंगमध्ये आहेत". बँक बुडाल्यावर ठेवीच्या विम्याचे पैसे आले तेव्हा त्याची मर्यादा एक लाख होती, १९९३ पासून तेवढीच. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, मावशीचं सगळं उरकल्यावर. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा लोकांना सहा महिन्यांत हजार रुपये काढायची परवानगी होती. हजार! मग दहा हजार, मग पंचवीस, मग चाळीस, मग पन्नास. दर वेळी नवा आकडा, नवी रांग. टीव्हीवर ते बघून मावशी एवढंच म्हणाली, "पाण्याची बाटली घेतलीय का बरोबर कुणी?"

आणि विनोदच हवा असेल तर तो तिथं पडलेला आहे की! त्या प्रकरणात पोलिसांकडे गेलेल्या तक्रारीत होतं, की एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली. एकवीस हजार माणसं, नुसती कागदावरची. ती कधी काउंटरवर आली नाहीत, त्यांची पिशवी फाटली नाही, त्यांचे गुडघे दुखले नाहीत. रांगेत उभी होती ती सगळी खरी माणसं. लिहा की हा प्रवेश! अडखळणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा अवघड आहे, नाही का?

बास झाले सल्ले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? ज्याचं लुटलं त्याला विदूषक करता, लुटणाऱ्यावर स्पॉट टाकता आणि त्याला 'मानवी बाजू' म्हणता? गोगटेकाकांना कसली बाजू नव्हती का? आणि मागच्या रांगेतले काका, ते डोकं होतं म्हणे! तुमची ठेव कुठे आहे, ती पावती घरी जाऊन शोधा आधी, मग डोक्याचं कौतुक करा.

शेवटी निर्माते पुढे येऊन हात जोडून म्हणाले, "आवडलं तर दहा जणांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा." म्हणून सांगतेय. नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरताना मावशीनं कठडा धरला होता. रिक्षात बसल्यावर ती एकच विचारत होती, "त्या गोगट्यांना मिळाले का गं पैसे?" मी म्हटलं, नाटकात नव्हतं ते. ती म्हणाली, "अगं, लिहिणाऱ्याला तर माहीत असेल."

माहीत असेल तर कळवा. ती अजून विचारतेय.