शाकाहारी काउबॉय

ह्यूस्टनमध्ये राहून मुलाला काउबॉयपासून लांब ठेवणं म्हणजे कोल्हापुरात राहून त्याला कुस्तीचं नाव कळू न देणं. फेब्रुवारी संपत आला की चारी बाजूंनी घोडेस्वारांचे जथे वॅगनींसकट मजल-दरमजल करत येतात आणि मेमोरियल पार्कात उतरतात. त्याच शुक्रवारी 'गो टेक्सन डे'. म्हणजे बँकेतली बाई, दातांचा डॉक्टर, शाळेतल्या टीचर, सगळे बूट आणि हॅट घालून. पाठोपाठ जवळजवळ तीन आठवडे रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या कसरतींचा मेळा, जो १९३२ मध्ये सुरू झालेल्या गुरांच्या प्रदर्शनातून वाढत वाढत आजच्या अवाढव्य रूपाला आलाय. तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांना हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीवर पालथं टाकतात आणि मेंढी सोडतात. जो जास्त वेळ चिकटून राहील तो बहाद्दर. आमच्या चिरंजिवांनी हे पाहिलं आणि पाचवा वाढदिवस काउबॉयचाच होणार असं जाहीर केलं. मेंढीसकट.

मेंढी मी जागीच नामंजूर केली. बाकी सगळं घरी करू म्हटलं, कारण इथल्या पार्टी हॉलवाल्यांचे दर ऐकले की मूल एकदम अठरा वर्षांचं व्हावंसं वाटतं.

सुरुवात आमंत्रणापासून. कागद चहात बुडवून वाळवले, कडा मेणबत्तीवर किंचित जाळल्या, वर ठसठशीत अक्षरात 'वॉन्टेड', मध्ये मुलाचा फोटो, खाली 'बक्षीस ५,००० डॉलर'. नवऱ्याने कौतुकाने एक पोस्टर भारतातल्या फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि सोबत एक अक्षरही न लिहिता झोपून गेला. सकाळी दोघांच्या फोनवर मिस्ड कॉलची रांग. साताऱ्याच्या आत्या मारुतीला नारळ बोलून मोकळ्या झाल्या होत्या. एका काकांनी तर 'कृपया पुढे पाठवा, आईवडिलांची भेट होईल' अशी ओळ जोडून ते मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर ढकललं होतं. ती पोस्ट अजून फिरते आहे म्हणे. मुलगा मध्यंतरी नांदेडला सापडला होता.

खरी पंचाईत पुढे होती. काउबॉय म्हटला की पिस्तूल, घोडा आणि गोमांस आलं. पिस्तूल बाद. ज्या देशात बालवाडीतल्या पोरांकडून गोळीबार झाला तर कुठे लपायचं याची तालीम करून घेतात, तिथे वाढदिवसाला आणखी हौस नको. घोडे बाबांच्या मोज्यांत कापूस कोंबून, झाडूच्या दांड्यांवर बांधून झाले. डोळ्यांना शर्टाची बटणं. नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट अचानक उघडे पडायला लागले तेव्हा त्याला पत्ता लागला.

राहिलं गोमांस. पाहुण्यांत निम्मे शाकाहारी, त्यातले काही जैन, आणि या सगळ्यावर सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. अशात एका रात्री चिरंजिवांनी विचारलं, "आज्जी, काउबॉय एवढ्या गाई घेऊन जातात कुठे?"

आता इतिहास असा, की १८६७ पासून टेक्ससची लांब शिंगांची गुरं चिझम वाटेने शेकडो मैल चालवत कॅन्ससमधल्या ॲबिलीनला नेत. तिथून रेल्वेने शिकागोला. शिकागोला पुढे काय होई, ते सांगायला मी तोंड उघडणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "नातेवाइकांकडे."

"परत कधी येतात?"

"मुक्काम लांबतो रे. माझाच बघ."

या विषयावर आमच्या घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

गुरं हाकणाऱ्यांच्या खाण्यापिण्याची सोय व्हावी म्हणून चार्ल्स गुडनाइट नावाच्या गृहस्थाने १८६६ मध्ये चक वॅगन बनवली. चाकावरचा मुदपाकखानाच. आमची वॅगन बागकामाच्या ढकलगाडीवर कमानी बसवून, त्यावर सासऱ्यांचं धोतर ताणून तयार झाली. आत पिंटो बीन्स, पण डुकराच्या चरबीऐवजी गोडा मसाला. शिवाय मक्याचा ब्रेड. नेमकी त्या दिवशी संकष्टी निघाली. म्हणून साबुदाण्याची खिचडीही. चंद्र उगवेपर्यंत खिचडीवर राहणारे काउबॉय पश्चिमेने पाहिले नसावेत.

बसायला गवताचे गठ्ठे हवेत, हा हट्ट नवऱ्याचा. तो गुरांच्या खाद्याच्या दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, खायला की अंथरायला? आणि जनावर कोणतं? नवरा म्हणाला, "पाच वर्षांची मुलं." दुकानदाराने एक शब्द न बोलता खायचं गवत दिलं. ते आमच्या गाडीतून अजून निघालेलं नाही. वर नवरा मी पुठ्ठ्याचा उंच निवडुंग रंगवत असताना मागे उभा राहून सांगत होता, की हे दोन्ही हात वर केलेलं झाड ॲरिझोनातलं, टेक्ससमध्ये उगवतच नाही. ऐन उन्हात नवऱ्याने माहिती देऊ नये. कुंचला हातात असतो.

पार्टीच्या दिवशी प्रत्येक मुलाला सोनेरी चांदणी लावली आणि सगळेच शेरीफ झाले. गुन्हेगार व्हायला कोणी तयार होईना, त्यामुळे पोरांनी एकमेकांनाच अटक करायला सुरुवात केली. शेजारचे आजोबा अस्सल टेक्सन. त्यांनी येताच सांगितलं, हॅट कधी पलंगावर ठेवायची नाही, आणि दुसरीकडे ठेवायची तर उलटी, नाहीतर नशीब सांडतं. सासूबाईंनी हे इतक्या मनोभावे ऐकलं, की तेवढ्यापुरती मला दुभाष्याची गरज उरली नाही. मात्र औक्षणाला मुलाने हॅट काढायला साफ नकार दिला. कुंकू हॅटला लावलं.

मुख्य खेळ गुरांवर दोराचा फास टाकण्याचा. त्यासाठी रीसायकलच्या डब्याला पुठ्ठा डकवून मी ठिपक्याठिपक्यांची गाय केली होती, शिंगं हात-हात लांब. मुलं दोर घेऊन रांगेत उभी. सासूबाई मध्ये आल्या. "गाईच्या गळ्यात फास? माझ्या डोळ्यांदेखत?" दोर जप्त झाले. दिवाळीच्या खोक्यातून प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा निघाल्या. शिंगात माळ पडली की एक गुण. पहिल्या माळेनंतर सासूबाईंनी गाईलाही कुंकू लावलं, आणि ज्यांना माळ टाकता येईना त्यांनी नुसता नमस्कार केला तरी अर्धा गुण द्यायला लागल्या. चिझम वाटेने निघालेली आमची पार्टी वसुबारसेला पोचली. टेक्सन आजोबांनी हॅट छातीशी धरली. त्यांना वाटलं, असंच असतं.

रात्री पाऊस आला. गाय भिजली, म्हणून सकाळी डब्यावरून सोडवून पुढच्या अंगणात वाळत घातली. चारच दिवसांत वस्तीच्या कमिटीचं पत्र आलं. निवासी भागात गुरं पाळण्यास मनाई आहे, जनावर दहा दिवसांत हलवावे. मी गाय कचऱ्याच्या गाडीला द्यायला निघाले, तर सासूबाई दारात आडव्या. "कुंकू लावलेली गाय कचऱ्यात घालतेस?"

सध्या गाय गराजमध्ये आहे आणि गाडी बाहेर रस्त्यावर. रात्री रस्त्यावर गाडी लावायला मनाई असल्याचं पत्र कालच आलं.