लोहगडाला नेऊ, पण रविवारी नको

गेल्या जुलैत आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. कारण लोहगड.

११ जुलै २०२५ ला बातमी आली. शिवाजी महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यात आपला लोहगडही आहे. घरात सगळ्यांनाच आनंद झाला. मुलानं लगेच ठरवलं, या रविवारी पिल्लूला लोहगडावर न्यायचं. पिल्लू म्हणजे माझी नात, वय साडेचार, बालवर्गात. मी म्हटलं, नेऊ या, पण रविवारी नको आणि पावसात तर नकोच. तो म्हणाला, "आई, तू उगाच घाबरतेस." सूनबाईही त्याच्या बाजूनं होती. मी ठाम राहिले. शेवटी ते गेले नाहीत, पण घरातलं वातावरण काही धड राहिलं नाही.

"घाबरतेस" हा शब्द मला लागला. माझं माहेर पुणे जिल्ह्यातल्या पवन मावळातलं. डोंगर मला पुस्तकातून कळलेला नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर दोन ओढे होते आणि श्रावणात त्यातला एक ओलांडायला आमचे वडील खांद्यावर दोर टाकून यायचे. ते एक गोष्ट सारखी सांगायचे, पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली येतं तेव्हा तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं. माथ्यावर तासभर जोराची सर झाली की उतारावरचे सगळे ओहोळ एकाच ओढ्यात येतात आणि गुडघाभर पाणी बघता बघता छातीला लागतं. ओढ्याचा रंग बदलून गढूळ झाला, पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की चपला सापडो न सापडो, वर पळायचं. आम्ही पोरं हे तोंडपाठ म्हणायचो. आज शहरातून येणाऱ्या किती आईबापांना हे माहीत असतं? त्यांचा यात दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि मी जे म्हणत होते ते हवेतलं नव्हतं. २ जुलै २०२३, रविवार. लोहगडाच्या पायऱ्यांवर आणि दरवाजांत गर्दी अशी कोंडली की माणसं काही तास अडकून पडली, पुढे जाता येईना की मागे. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याजवळच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला, चार जीव गेले. तीन वर्षं, तीन रविवार, आणि तिन्ही ठिकाणं माझ्या मावळ तालुक्यातली. भुशीचा तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी राहिलेली ती माणसं. पुन्हा पाहण्याचं धाडस मला झालं नाही. त्या आयाही घरातून डबे भरून, मुलांना नवे कपडे घालूनच निघाल्या असतील ना?

म्हणून मी आडवी आले. आणि पुन्हा येईन.

पण नुसतं नको म्हणणारी आजी मला व्हायचं नव्हतं. डोंगर या पोरीला मीच दाखवणार होते. मार्गशीर्षातला एक मंगळवार धरला. गुरुवारी सूनबाईचं महालक्ष्मीचं व्रत असतं, शनिवार-रविवारी गर्दी. मुलानं रजा टाकली. बालवर्गाचा एक दिवस बुडाला तर काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी घरीच ठेवली आणि शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल पकडली. हाही माझाच हट्ट. पिल्लूनं खिडकी धरली आणि तिचे आजोबा एकेक स्टेशन आलं की नाव सांगत गेले. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड. बेगडेवाडी आणि घोरावाडी ही नावं तिला इतकी आवडली की दिवसभर तीच म्हणत होती. तळेगावच्या पुढे दोन्हीकडे भाताची खाचरं सुरू झाली. कापणी झालेली, नुसते धसकटांचे ओळीनं ठिपके. "भात इथे उगवतो?" असं तिनं विचारलं तेव्हा मला वाईटही वाटलं आणि बरंही. बरं अशासाठी की निदान आज तिनं ते पाहिलं. कान्हे, कामशेत, आणि मग मळवली.

मळवलीहून भाजे गावातून चालत गडाकडे जाता येतं, पण साडेचार वर्षांचे पाय आणि आजोबांची झालेली अँजिओप्लास्टी पाहता आम्ही गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी केली. भाज्याची लेणीही वाटेतच आहेत, बावीसशे वर्षांपूर्वीची. मुलाला तीही त्याच दिवशी उरकायची होती. सूनबाईनं नकार दिला, आणि मला ते फार आवडलं. लहान मूल बरोबर असताना एका दिवसात एकच जागा. चैत्यगृहाचे ते आत झुकलेले खांब आणि बाहेरच्या स्तूपांची रांग बघायला वेगळा दिवस काढू.

लोहगडाच्या पायऱ्या रुंद आहेत, घडीव आहेत, चढायला सोप्या आहेत. मोठा माणूस अर्ध्या-पाऊण तासात सहज वर जातो. आम्हाला दोन तासांच्या वर लागले. पहिल्या वळणाआधीच पिल्लू खाली बसली, कारण मुंग्यांची रांग एक मेलेला नाकतोडा ओढून नेत होती. तो नाकतोडा बिळापर्यंत पोचेस्तोवर ती हलली नाही. मुलगा दोनदा म्हणाला, "चला, वर बघायला खूप आहे." मी त्याला खुणेनं थांबवलं. ती जे बघत होती ते तिच्यासाठी वरच्यापेक्षा कमी नव्हतं. मोठ्यांना गड म्हणजे माथा वाटतो. मुलांना तो पहिल्या पायरीपासून सुरू झालेला असतो.

पुढे कातळात बारीक भोकं दिसली. काहींच्या आत पांढरे चमकणारे कण. तिनं बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "आजी, दगडाला भोकं कुणी पाडली?" मी सांगितलं, खूप खूप वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला आणि पसरला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. आपण तव्यावर आंबोळी घालतो तशी. आणि आंबोळीला जाळी पडते ना, तशीच या दगडाला पडली. आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर निघाली. तिला ते लगेच पटलं. उदाहरण मी तिच्यासाठी सोपं केलं खरं, पण सह्याद्री झाला तो असाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर साकळलेले ते पांढरे स्फटिक. समोरच्या विसापूर किल्ल्याच्या कड्यावर तर ते थर आडव्या रेघांसारखे दिसतात. तेही तिनं ओळखले. "ती बघ, आंबोळ्यांची चवड!"

गणेश दरवाजापाशी आजोबा थांबले. त्यांनी आधीच सांगितलं होतं, जिथे दम लागेल तिथे मी बसेन, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. सावलीत चादर टाकून, पाण्याची बाटली आणि फोन जवळ ठेवून आम्ही पुढे गेलो. घरातल्या मोठ्या माणसाला "चढवेल तुम्हाला, चला" असा आग्रह करू नये. त्यांचं तिथे बसणंही त्या दिवसाचाच भाग होता. उतरताना पाहिलं तर त्यांची वाडीतल्या एका म्हाताऱ्या गड्याशी गप्पांची बैठक जमली होती.

मग नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, आणि शेवटी महादरवाजा. वरून खाली पाहिलं की ही वाट कशी नागमोडी वळत येते आणि प्रत्येक वळणावर दरवाजा कसा अडवून उभा आहे ते कळतं. मी पिल्लूला विचारलं, शत्रू आला तर तो कुठून दिसेल? तिनं तटावरून बोट दाखवलं, इथून, तिथून, आणि तिथूनसुद्धा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात हाही होता, आणि १६७० मध्ये तो परत घेतला. "दिला आणि परत आणला," एवढंच तिनं लक्षात ठेवलं. या वयात एवढं पुरे.

एका दरवाजाच्या भिंतीवर कोळशानं आणि खिळ्यानं नावं कोरलेली होती, बदामाच्या आकारात. "भिंतीवर कुणी लिहिलं? त्यांना आई ओरडली नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते मनात सलतं आहे. यादीत नाव गेलं म्हणून किल्ला जपला जात नाही.

माथ्यावर वारा होता, पिवळं गवत झोपलं होतं, आणि आकाश इतकं स्वच्छ की पवना धरणाचं पाणी, त्याच्या काठाचा तुंग किल्ला, पलीकडे तिकोना किल्ला, सगळं हात लावावं इतकं जवळ. पावसाळ्यात इथे धुकं असतं, दहा पावलांवरचं दिसत नाही. माझा मुलगा अजूनही म्हणतो की खरा सह्याद्री पावसातलाच, आणि सौंदर्याच्या बाबतीत त्याचं खरं आहे. श्रावणातला मावळ ज्यानं पाहिला त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. मोठ्यांनी जावं, आडवारी जावं, पाण्यात न उतरता जावं. माझं म्हणणं कडेवरच्या आणि बोट धरून चालणाऱ्या मुलांपुरतं आहे.

विंचूकाट्यावर आम्ही गेलो नाही. ती डोंगराची चिंचोळी सोंड दीड किलोमीटर लांब पसरली आहे, दोन्हीकडे कडा आणि वर भणाणता वारा. सूनबाई म्हणाली, "आई, मी आणि पिल्लू नाही येत. तुम्ही जाऊन या हवं तर." मीही थांबले. मुलगा एकटा गेला आणि तासाभरानं आला. आम्ही तिघी तटाच्या आडोशाला बसलो. दशम्या, तिळाची चटणी, गूळ, पेरूच्या फोडी. एक माकड अगदी जवळ येऊन बसलं. पिल्लूला त्याला दशमी द्यायची होती. मी नाही दिली. माणसानं दिलेल्या खाऊमुळेच ती माकडं पिशव्या ओढायला शिकली आहेत, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकराला बोचकारतील. पोर हिरमुसली, पण कारण सांगितल्यावर तिनं डबा स्वतःच बंद केला.

तिथे बसून मी तिला पवनेच्या पाण्याकडे बोट करून सांगितलं की त्याच्याखाली गावं होती. धरण झालं आणि माणसं उठून गेली. माझ्या आत्याचं सासरही त्यात गेलं. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी असतं तेव्हा देवळात मासे जातात?" मी म्हटलं, जात असणार. "मग ते नमस्कार कसा करतात?" सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. दोघींनाही उत्तर सुचलं नाही. आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तासभर. माझा पाय बधिर झाला, पण मी हलले नाही.

उतरताना ती चालायला तयार नव्हती. मुलानं खांद्यावर घ्यायला हात पुढे केला आणि मी तिथेही आडवी आले. पायऱ्या उतरताना मूल खांद्यावर नको, तोल वर जातो आणि पाय घसरला तर दोघंही जातात. पाठीला ओढणीनं बांधून उतरवलं, आमच्या गावाकडच्या बाया बांधायच्या तसं. या वेळी कुणी "घाबरतेस" म्हणालं नाही.

वाडीत एका घरी पिठलं आणि तांदळाची भाकरी सांगून ठेवली होती. वाढणाऱ्या बाईनं माझं बोलणं ऐकून विचारलं, "माहेर कुठलं वो तुमचं?" गावाचं नाव सांगितल्यावर तिची मावशी त्याच गावात दिलेली निघाली. मग भाकरी मोजून मिळाली नाही. ती म्हणाली, रविवारी इतकी माणसं येतात की आम्हाला आमच्याच दारातनं बाहेर पडता येत नाही, आणि जाताना बाटल्या, पिशव्या टाकून जातात त्या आम्ही उचलतो. "तुमच्यासारखी सवडीनं या की, बसा, जेवा." डोंगरात घरचा डबा न्या, पण एक जेवण गावात जेवा, असं मी सगळ्यांना सांगते. आपण त्यांच्या अंगणातून गड चढतो.

परतीच्या लोकलमध्ये पिल्लू घोरावाडीपर्यंत जागी होती, केवळ त्या नावासाठी.

आता तिनं वाघेश्वराचं मनात घेतलं आहे. रोज रात्री विचारते, पाणी उतरलं का? वैशाखात जायचं ठरलं आहे, सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत परत. वार मुलानं स्वतःच सुचवला, बुधवार. दशम्या मी करणार आहे.