मोजणीवाला

माझ्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलेलं प्रमाणपत्र परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. वर नदी, डोंगर आणि पिळदार पोटऱ्यांचा एक गोरा माणूस. खाली माझं नाव, तेही वेलांटी चुकवून. बाराशे रुपये भरून माझ्याविषयी इतकं खरं आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. बायकोने विचारलं, फ्रेम करून आणू का.

स्पर्धा ट्रेल रनिंगची. सीनाकाठाने निघायचं, रानातून, ओढ्यांतून आणि 'डोंगररांगां'तून साडेदहा किलोमीटरचा लूप मारायचा, आणि तो संपला की तोच परत. डोंगररांगा हा शब्द जाहिरातीतला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे खरं, पण ते सगळे मीटर आपल्या पायांखाली आधीच खर्ची पडलेले आहेत, चढायला वर काही शिल्लक नाही. मग आयोजकाने मुरमाड टेकाडं, पाझर तलावाचा भराव असं मिळेल ते गोळा करून चढ जमवला. एकच ओढा तर पाच वेळा उतरायचा आणि पाच वेळा चढायचा. स्पर्धेच्या भाषेत याला एलिव्हेशन म्हणतात. बघणारा म्हणतो, चप्पल विसरली असेल पलीकडं.

वाट दाखवायला बाभळींना केशरी फिती बांधल्या होत्या. आता, 2025च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, वडकबाळजवळ विजापूरचा महामार्ग बंद ठेवावा लागला तो, त्या पुराने काठच्या प्रत्येक वेड्या बाभळीला डोक्याच्या वर चिंध्या, खताच्या पिशव्या, साड्यांचे तुकडे गुंडाळून ठेवलेत. त्यात आमची फीत ओळखायची. मी अर्धा किलोमीटर एका युरियाच्या पिशवीच्या भरवशावर पळालो आणि उसाला पाणी सोडलेल्या रानात शिरलो. काळ्या रानात पाय घातला की बूट एकटा वर येत नाही, रान सोबत घेऊन येतो.

याच सीनेच्या काठाने खाली गेलं की हत्तरसंग कुडल लागतं. तिथे ती भीमेला मिळते आणि तिथल्या देवळात शके 940चा, म्हणजे 1018 सालचा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षं झाली, पाटी जागेवर आहे. आमच्या फिती एक रात्र टिकल्या नाहीत.

म्हणजे टिकल्या असत्या. आठव्या किलोमीटरच्या जरा अलीकडे त्या एकदम संपल्या, आणि बांधावर एक मामा बसलेले दिसले. धोतर, टॉवेलचं मुंडासं, आणि हातात केशरी फितींचा हा एवढा गुंडा.

"मामा, फिती तुम्ही काढल्या?"

"तुमच्या हैत का?"

"हो." इथे मी चुकलो.

"म्हंजे मोजणीवाले."

"छे हो, आम्ही नुसतं पळतोय."

"कोण लागलंय मागं?"

"कुणी नाही."

मामांनी वाकून माझ्या मागे पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. शेवटचा मीच होतो, पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

"मग कशाला पळूलालाव?"

"लूप आहे मामा, लूप."

"लूप?" मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी ती घट्ट विजार विशेष बारकाईने. "लूप बायकांला बसवायचे ओ, सरकारी दवाखान्यात. आमच्या मंडळीच्या मागं लागली होती नर्सबाई. त्याला रानात पळावं लागत नव्हतं."

मग त्यांनी मला क्रम समजावला. आधी फिती येतात, मग खुंट्या, मग दगड, मग नोटीस. सुरत-चेन्नई रस्त्याच्या मोजणीत पाहुण्यांच्या रानाचं असंच झालं, बार्शीकडं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "आईशप्पथ मामा, मी काही मोजत नाही," आणि त्या आवेशात दोन पावलं मागे सरकलो. तेवढी दोनच पावलं कमी पडत होती. कमरेच्या पट्ट्यातून बाईचा खणखणीत आवाज आला, "डिस्टन्स, एट किलोमीटर्स."

"ही कोण बोलूलालीय?"

"फोन."

"काय म्हणली?"

"आठ किलोमीटर झाले म्हणाली."

"म्हंजे मोजूलालाव."

चार दिवस झाले, याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

"बसा," मामा म्हणाले. "पोरगं सातबारा घेऊन यायलंय." मी बसलो. तासाला सात किलोमीटरच्या वेगाने पळणारा माणूस शेळ्यांचं कुत्रं बाजूला बसलेलं असताना पळून जात नसतो. मामांनी फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, घट्ट दही. माझ्याकडे नव्वद रुपयांची एनर्जी जेलची पुडी होती, ती त्यांना दिली. त्यांनी बोटावर घेऊन चाटली आणि बोट कुत्र्यापुढे धरलं. कुत्र्याने तोंड फिरवलं.

"पाणी पत्र्याला लागलं तवा कोण पळत आलं न्हाई," मामा भाकरी मोडत म्हणाले. "नंतर पंचनाम्याला साहेब आला. बांधावरनंच फोटो काढला न् गेला. बुटाला चिखल लागतोय म्हणून." मग माझ्या बुटांकडे पाहिलं. प्रत्येकावर किलोभर रान होतं. "तुमी निदान खाली उतरलाव."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं. बाराशे रुपयांतला एक रुपयाही या बांधावर पोचलेला नव्हता आणि पहाटे अंधारात शंभरेक माणसं त्यांच्या रानातून विचारल्याशिवाय धावत गेली होती. आयोजकाला फोन लावला तर म्हणाला, "सर, तुम्ही रूट सोडलाय." शेताची परवानगी घेतली का, विचारलं. "घेतलीय ना." कुणाची? आवाज तुटायला लागला. पैसे घेताना त्याला अख्ख्या जिल्ह्यात रेंज असते.

पोरगा मोटारसायकलवर आला. कॅरीबॅगमधून सातबारा काढून त्याने माझ्या हातात दिला, आणि बापलेक दोन्ही बाजूंनी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी वाचला. काय करणार? गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. शेवटी मी गंभीरपणे मान हलवली आणि "ठीक आहे" म्हणालो. दोघांचे चेहरे एकदम सैलावले. तसं म्हणायला नको होतं.

पोराने मला गाडीवरून स्पर्धेच्या जागी सोडलं. कमान उतरवून टेम्पोत भरली होती, केळी संपली होती. दुसरा लूप तर राहोच, पहिलाही अडीच किलोमीटर कमी भरतो म्हणे. मोटारसायकलचे धरत नाहीत. कारण लेखी देऊ का, म्हणालो, तर स्वयंसेवक पोरगी हसायला लागली.

जाताना मामांच्या पोराने माझा नंबर घेतला होता. तेव्हापासून दिवसाआड मामांचा फोन येतो. "साहेब, आमच्या गटाचं काय झालं? पुराचं बी बघा की जरा." मी साहेब नाही हे मी तीनदा सांगितलं. "हाव की," म्हणतात, आणि परत तेच विचारतात. आज सकाळी ऐन दाढीच्या वेळी फोन आला.

"साहेब रजेवर आहेत," म्हटलं आणि ठेवून दिला.

त्यांनी लगेच परत लावला. "कधी येणार हैत?"