माजावरची कुत्री: 'कोंडून ठेवणं' म्हणजे काय, याचं उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की माजावर आलेल्या कुत्रीला तीन आठवडे घरात ठेवायला सांगणं म्हणजे मुक्या जनावरावर अन्याय. तुमच्या जतकडं कुत्री मोकळीच असतात. शिवाय एकदा तरी ती व्यायलाच हवी, नाहीतर पुढं गाठी होतात. हा राग मायेपोटी आलाय, म्हणून नीट उत्तर देते.

आधी माझी चूक. 'घरात ठेवा' एवढंच मी लिहिलं; वाचणाऱ्याला साखळीला बांधलेली कुत्रीच दिसणार. तसं नकोच. आमची चिमणी त्या दिवसांतही पहाटे फिरायला जाते, फक्त पट्टा हातात घट्ट असतो. तिच्या लघवीच्या वासानं विश्रामबागेतले कुत्रे माग काढत दारात येऊन बसतात. घरात जुन्या सुती चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडून घालते. ती वरचेवर बदलते, ओली राहिली तर कातडी लाल होते.

खरा घोळ दुसऱ्या आठवड्यात होतो. पहिले आठ-दहा दिवस रक्त जातं, तेव्हा ती कुत्र्याला अंगाला लागू देत नाही. मग रक्त फिकं, पिवळसर होतं. घरचे म्हणतात, संपलं एकदाचं, आणि फाटक उघडं राहतं. गाभण राहायचे दिवस नेमके तेच! शेपूट एका बाजूला करून उभी राहायला लागली की समजा. आणि जोडी लागलीच तर दगड मारू नका, ओढू नका. अर्धा तासही लागतो, पण आपोआप सुटतात. ओढाताणीत दोघांनाही इजा होते.

मोकळं सोडण्याचं म्हणाल, तर तुमच्याच भागात जातिवंत कारवान, म्हणजे शिकारी जातीची कुत्री, पाळणाऱ्यांना विचारा. माजावरची मादी ते डोळ्यांत तेल घालून राखतात, कारण एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात.

व्याल्यानं गाठी टळतात, हे मीही लहानपणापासून ऐकलंय. ते खरं नाही. स्तनांतल्या गाठींचा धोका कमी होतो तो लवकर नसबंदी केल्यानं, त्यातही पहिल्या माजाआधी केली तर सगळ्यात जास्त.

आमची आधीची राणी दोनदा व्यालेली होती. नवव्या वर्षी माज संपल्यावर दीडेक महिन्यानं ती भांडंच्या भांडं पाणी प्यायला लागली. उन्हाळा आहे म्हणून मी सोडून दिलं. चार दिवसांनी जेवण सुटलं, तेव्हा नेली. गर्भाशयात पू भरला होता. ऑपरेशन केलं, पण ती वाचली नाही. माज संपला की दोन महिने तहान, उलटी, मलूलपणा, खालून येणारा पू यांच्यावर लक्ष ठेवा असं मी प्रत्येकाला का सांगते, ते यावरून कळेल. माज थांबवणारं हार्मोनचं इंजेक्शनही म्हणूनच नको, त्यानं हाच धोका वाढतो.

नसबंदी मात्र ऐन माजात करू नका. तेव्हा गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्राव जास्त होतो. दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. चिमणीची आम्ही दिवाळीनंतर करतोय. तुमची कुत्री किती वर्षांची आहे, आणि शेवटचा माज कधी येऊन गेला? तेवढं कळवा.