वस्तीतल्या फुटबॉलवरचे आक्षेप आणि त्यांचे उत्तर

विश्वचषक जवळ आला की पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, पण आशय तोच राहतो. एकशे चाळीस कोटींच्या देशाला धड अकरा खेळाडू सापडत नाहीत, तेव्हा वस्त्यावस्त्यांत मुलांना फुकट फुटबॉल शिकवणे म्हणजे वेळेचा आणि देणगीचा अपव्यय आहे. त्यातून खेळाडू घडत नाहीत, अभ्यास मात्र बुडतो, अंगात दांडगाई भिनते, आणि शिकवणारे तरी कोण, तर काम न मिळालेली तिथलीच पोरे. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि त्याकडे मी शेवटी येईन. बाकीची मांडणी ऐकीव समजुतींवर उभी आहे.

आधी खेळाडूंचा हिशेब पाहू. भारताच्या पुरुष संघाचे जागतिक क्रमवारीतले आजवरचे सर्वोत्तम स्थान 94 वे, तेही फेब्रुवारी 1996 मधले, आणि त्यानंतरचा बहुतेक काळ संघ शंभराच्या बाहेरच राहिला, हे खरे आहे. पण त्याचा जाब वस्तीतल्या मैदानाला विचारणे म्हणजे गल्लीतल्या वाचनालयातून किती साहित्यिक निघाले ते मोजून त्याला टाळे लावण्यासारखे आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, तेव्हा राष्ट्रीय संघ त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. तिथली मुले पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. त्या स्पर्धेत मैदानावर चौघांचा संघ असतो, सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात, आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. आपला सर्वांत चांगला खेळाडू पुढच्या वर्षी परत आणता येणार नाही, असा ज्या स्पर्धेचा नियम आहे, तिचा हेतू खेळाडूंचे पीक काढण्याचा नाही, हे वेगळे सांगायला नको. याच नागपूरच्या कामाला 2016 मध्ये फिफाने विविधतेसाठीचा पुरस्कार दिला.

आणि खेळाडूच हवे असतील, तर कोल्हापूर शहराहूनही कमी लोकसंख्येच्या आइसलँडने 2018 चा विश्वचषक गाठला. तिथे गावोगावच्या क्लबांत अगदी लहान मुलांनाही रीतसर शिकलेले, पगारी प्रशिक्षक शिकवतात. म्हणजे मजकुराचा युक्तिवाद त्याच्या स्वतःच्या कसोटीवरही टिकत नाही.

अभ्यासाच्या आक्षेपावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास धरला, तर साडेचार तास होतात. तेवढा वेळ मोबाइल किती सहज खातो, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. झारखंडमध्ये ग्रामीण मुलींसाठी 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘युवा’ या संस्थेने फुटबॉलच्या जोडीने 2015 मध्ये स्वतःची शाळाच काढली. त्या मुलींनी 2013 मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला होता, हे खरे. पण ज्या भागात मुलींची लग्ने लवकर उरकली जातात, तिथे रोज मैदानावर येणारी मुलगी शाळेतही टिकते का, हा प्रश्न संस्थेला पदकाहून मोठा वाटला.

दांडगाईचा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण त्याचा पुरावा आपल्या दारात आहे. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. कुस्तीच्या आखाड्यांची नावे लावणारे संघ तिथे पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत (हा खेळ परका आहे असे म्हणणाऱ्यांनी शाहू स्टेडियमवर एक दुपार घालवावी), आणि त्या मैदानाबाहेर हुल्लडबाजी आणि हाणामाऱ्याही झालेल्या आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यावरून चेंडूच मुलांना मारामारी शिकवतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. चेंडू सभ्यताही शिकवत नाही. ‘खेळाने आपोआप संस्कार होतात’ हे आपल्या बाजूचे वाक्यही तितकेच पोकळ आहे. जे घडते ते नियम कसे आखले आहेत आणि ते कोण पाळून घेतो यावर घडते.

कोलंबियाचे उदाहरण घ्या. 1994 च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या बचावपटूकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला, आणि काही दिवसांत मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. फुटबॉल आणि हिंसा यांचे नाते सांगायला याहून काळे उदाहरण नसेल. त्याच शहरात दोन वर्षांनी काही लोकांनी टोळ्यांच्या वस्त्यांत फुटबॉल सुरू केले, पण खेळाचे नियम बदलून. पंच काढून टाकला. मुले-मुली एकाच संघात घेतली आणि पहिला गोल मुलीनेच करायचा असे ठरवले. सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, नंतर पुन्हा बसून कोण कसे वागले त्याचे गुण वाटायचे. ही पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते.

ती जवळून पाहिली की तिचे मर्म कळते. आमच्याकडच्या एका मैदानावर बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा असा सामना मी पाहिला. चेंडू एकाच्या हाताला लागला. शिट्टी वाजली नाही, कारण वाजवणारा कोणी नव्हता. पाच-सहा सेकंद सगळे एकमेकांकडे पाहत राहिले, मग तो मुलगाच हात वर करून म्हणाला, “लागला.” प्रशिक्षक रेषेबाहेर, मैदानावर खुणेला ठेवायच्या प्लास्टिकच्या शंकूंची चळत हातात धरून उभा होता; तो काहीच बोलला नाही. पंच असता तर हाच मुलगा नाही म्हणाला असता, आणि त्याच्या जागी लहानपणी मीही तेच केले असते.

नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत 1987 पासून चालणाऱ्या युवक संघटनेने याच विचाराला वेगळे वळण दिले. तिथल्या लीगमध्ये सामना जिंकला की तीन गुण मिळतात आणि संघाने वस्तीतला कचरा साफ केला की सहा. लहानांना शिकवणाऱ्या, सामने भरवणाऱ्या मोठ्या मुलांच्या अशा कामाची नोंद होते आणि त्यातून त्यांच्या शाळेच्या फीची सोय होते. संघटनेतून उभा राहिलेला माथारे युनायटेड हा क्लब 2008 मध्ये केनियाचा लीगविजेताही झाला.

शेवटचा आक्षेप प्रशिक्षकांवरचा. अर्धे खरे आहे ते इथे. कोणाही उत्साही पोराच्या गळ्यात शिट्टी अडकवली की तो प्रशिक्षक होत नाही, आणि तीन दिवसांचे शिबिर भरवून, टी-शर्ट वाटून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांनी या कामाची पत घालवली आहे. 2017 मध्ये, नवी मुंबईत सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने होण्याच्या तोंडावर, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा मोठा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. पण दुसऱ्या दिवशीपासून त्या चेंडूमागे रोज उभा राहणारा माणूस किती ठिकाणी होता, हे विचारण्याचा अधिकार टीकाकारांना आहे.

मात्र “तिथलीच पोरे” हा दोष नाही. लहान मुलांना शिकवण्यासाठीची प्राथमिक परवाना-परीक्षा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ घेतो. वस्तीतल्या तरुणाला ती देता येते, फक्त त्याची फी आणि पुढचे मानधन कोणीतरी भरले पाहिजे. परवान्यात जे शिकवता येत नाही ते त्याच्याकडे आधीच असते. वर सांगितलेल्या मैदानावरचा प्रशिक्षक सराव संपल्यावर हजेरीची वही उघडतो आणि सलग दोन दिवस न आलेल्या मुलांची नावे पाहतो. त्या संध्याकाळी दोन नावे होती. एकाला ताप होता, हे त्याला गल्लीतूनच कळले होते. दुसऱ्याच्या घराकडे तो, सरावात संघ ओळखायला घालायच्या रंगीत बनियनांची पिशवी खांद्यावर टाकून चालू लागला.